चहा-फराळाची मेहेरबानी नको, विलंबाची भरपाई द्या!

२०२५ च्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जे घडले त्याचे वर्णन बहुतेक वृत्तपत्रांनी 'गोंधळ' या एका शब्दात केले. हा शब्द फसवा आहे. गोंधळाला कर्ता नसतो आणि जेथे कर्ता नाही तेथे जबाबदारही कोणी नसतो. परंतु ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत इंडिगो कंपनीची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले, हे आकडे कोणा विरोधकाने रचलेले नाहीत. ते सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहेत. कंपनीने आपले कर्मचारी व विमाने यांचा वापर कमाल मर्यादेपर्यंत ताणला होता, त्यामुळे कामाच्या वेळापत्रकात अडीअडचणीसाठी सवडच उरली नव्हती, असा निष्कर्षही त्याच महासंचालनालयाच्या चौकशीतून निघाला. म्हणजे कर्ता आहे, हेतू आहे आणि हेतूचे नाव नफा असे आहे.

या प्रकाराची शिक्षा काय झाली? जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. रक्कम ऐकायला भारदस्त वाटते. परंतु याच कंपनीचा २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा निव्वळ नफा ७,२५८ कोटी रुपये होता. म्हणजे दिवसाला सुमारे वीस कोटी. तीन लाख माणसांची ससेहोलपट केल्याबद्दल कंपनीला एका दिवसाच्या नफ्यावर आणि वर थोड्याशा चिल्लरीवर पाणी सोडावे लागले, एवढाच या दंडाचा अर्थ. शिवाय दंड जमा होतो तो सरकारी तिजोरीत. अडकलेल्या प्रवाशांच्या संख्येने त्याला भागले तर माणशी सातशे-साडेसातशे रुपये पडतात आणि त्यातला एक पैसाही त्या माणसाच्या हाती लागत नाही.

मग प्रवाशाच्या हाती काय लागले? ज्यांचे उड्डाण रद्द झाले त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले. परंतु ते तर त्यांचेच होते. सुटण्यास चोवीस तासांहून कमी अवधी उरला असता उड्डाण रद्द झालेल्यांना नियमाप्रमाणे पाच ते दहा हजार रुपयांची भरपाई जाहीर झाली. ज्यांचे फारच हाल झाले त्यांना दहा हजार रुपयांची व्हाउचरे जाहीर झाली. ती बारा महिन्यांच्या आत, त्याच कंपनीच्या दुकानात खर्च करायची. ज्या दुकानदाराने सडके धान्य दिले त्याच्याच दुकानातून पुढल्या महिन्याचे धान्य घेण्याची ही सवलत! आणि त्या १,८५२ रखडलेल्या उड्डाणांतील प्रवाशांचे काय? त्यांच्यासाठी महासंचालनालयाच्या नियमांत रोख भरपाईचा एक रुपयाही नव्हता. त्यांच्या वाट्याला चहा आणि फराळ होता.

विमान रद्द झाले तर थोडीफार भरपाई, विमान रखडले तर फराळ, हा भेद आला कोठून आणि तो कोणाच्या सोयीचा आहे, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा श्रीमंतांचा प्रश्न आहे काय?

काही साथींच्या मनात येथेच शंका येईल. गावच्या थांब्यावर तासन् तास एसटीची वाट पाहणारा शेतमजूर आणि लोकलच्या दारात जीव मुठीत धरून लोंबकळणारा कामगार यांना सोडून विमानाने हिंडणाऱ्यांची वकिली आपण कशाला करावी? शंका प्रामाणिक आहे, पण ती वस्तुस्थितीवर आधारलेली नाही.

केरळ, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार येथून आणि रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यांतूनही जो गवंडी, वेल्डर, वाहनचालक किंवा परिचारिका आखाती देशांत राबायला जाते, तिच्यापुढे विमानावाचून दुसरा मार्ग नसतो. त्या तिकिटासाठी पुष्कळदा घरचे सोने गहाण पडलेले असते. तिकडे हजर होण्याची तारीख चुकली तर पगार कापला जातो. व्हिसाची मुदत उलटली तर नोकरीच जाते. देशांतर्गत प्रवासातही आजारी आईकडे निघालेला मुलगा, मुलाखतीला निघालेली पदवीधर तरुणी, मोठ्या शहरातील इस्पितळाची तारीख मिळालेला रुग्ण, ही माणसे हौसेने विमानात बसत नाहीत. उलट बड्या धनिकाला विलंबाची फिकीर नसते. त्याला खासगी विमान परवडते आणि त्याच्या गैरहजेरीत त्याचा नफा थांबत नाही. विलंबाचा घाव सर्वांत खोल बसतो तो ज्याच्याजवळ आपल्या वेळेखेरीज विकायला दुसरे काही नाही त्यालाच.

दुसरे असे की एका ठिकाणी प्रस्थापित झालेला हक्क दुसरीकडे झिरपतो. जून २०१६ मध्ये अजमेर-जम्मू गाडी सुमारे चार तास उशिरा पोचली आणि त्या गाडीतील एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. रेल्वेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा केला. २०२१ च्या सप्टेंबरात न्यायालयाने निर्वाळा दिला की, विलंब आपल्या नियंत्रणाबाहेरील कारणाने झाला हे पुराव्यानिशी सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची आहे आणि ते सिद्ध होत नसेल तर भरपाई दिलीच पाहिजे. तीस हजार रुपयांची भरपाई कायम झाली. गाडीला उशीर झाला तर सोसणे हेच ज्या देशात प्रवाशाचे प्राक्तन मानले जाते, तेथे एका साध्या ग्राहक तक्रारीने हे तत्त्व मिळवून दिले. पॅसेंजर गाडीच्या प्रवाशाला उद्या हे तत्त्व लागू करून घ्यायचे असेल तर आज विमान कंपन्यांना त्यातून निसटू देणे परवडणारे नाही.

वेळेचा काटा मारणारे व्यापारी

वाहतूक उद्योग धान्य किंवा कापडासारखी वेगळी वस्तू निर्माण करून विकत नाही. तो विकतो ते प्रत्यक्ष स्थानांतर आणि ते निर्माण होत असतानाच त्याचा उपभोग घेतला जातो, हे मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात दाखवून दिले आहे. या मालात वेळ हा वरून लावलेला अलंकार नसून मालाचाच भाग असतो. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगले समजते. त्याच मार्गावरील सोयीच्या वेळेचे विमान महाग आणि अडनिड्या वेळेचे स्वस्त असते, ते का? कारण कंपनी वेळ विकते आणि तिची वेगळी किंमत वसूल करते. प्रवासी काही मिनिटे उशिरा पोचला तर खिडकी बंद होते आणि त्याचे मूळ भाडे बहुधा बुडते. प्रवाशाचा उशीर हा करारभंग. कंपनीचा उशीर मात्र 'दिलगिरी'!

किराणा दुकानदाराने किलोऐवजी आठशे ग्रॅम साखर मोजली तर त्याला काटा मारणे म्हणतात आणि वैध मापनशास्त्र कायदा, २००९ अन्वये त्याच्यावर कारवाई होते. सकाळी नवाला पोचवण्याचे पैसे घेऊन सायंकाळी पाचला पोचवणारी कंपनीही काटाच मारते. फरक इतकाच की दुकानदाराच्या काट्यावर सरकारी निरीक्षक असतो, कंपनीच्या काट्यावर कोणी नाही.

रद्द केले तर भरपाई, रखडवले तर फराळ

आता नियम पाहू. प्रवाशांना द्यावयाच्या सुविधांविषयीचा महासंचालनालयाचा नियम २०१० च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि २०१६ मध्ये त्यातील रकमा वाढवण्यात आल्या. डिसेंबर २०२५ च्या अरिष्टाच्या वेळी लागू असलेली तरतूद अशी होती. पक्के तिकीट असूनही जागा नाकारली आणि एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान दिले नाही, तर मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या दुप्पट ते चौपट भरपाई, कमाल मर्यादा दहा आणि वीस हजार रुपये. वेळेवर न कळवता उड्डाण रद्द केले तर उड्डाणाच्या कालावधीनुसार पाच हजार, साडेसात हजार किंवा दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती.

आणि विलंब झाला तर? अंतराप्रमाणे दोन, तीन किंवा चार तासांनंतर खाणेपिणे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर सहा तासांच्या आतील पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. चोवीस तासांहून अधिक विलंब असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतील उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर असेल, तर हॉटेलात मुक्काम. बस्स! बुडालेल्या दिवसाचा, हुकलेल्या मुलाखतीचा, कापलेल्या मजुरीचा हिशेब या नियमात कोठेच नाही.

हा भेद वरवर किरकोळ दिसतो. पण त्यातच सारी मेख आहे. कंपनीने उड्डाण रद्द म्हणून जाहीर केले तर तिच्यावर देणे चढते. तेच उड्डाण 'एक तास उशीर', मग 'आणखी एक तास', असे हप्त्याहप्त्याने नऊ तास लांबवले तर ते रद्द ठरत नाही आणि देणेही चढत नाही. प्रवासी मात्र तेवढाच नाडला जातो. किंबहुना अधिकच, कारण आता निघेल या आशेवर त्याला दुसरी सोयही करता येत नाही. नियम करणाऱ्याला हे उमगले नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

युरोपात हीच पळवाट होती. तेथील २००४ चे प्रवासी भरपाईचे नियमन २००५ च्या फेब्रुवारीत लागू झाले. अंतरानुसार अडीचशे, चारशे व सहाशे युरो ही भरपाई त्यात रखडलेल्या उड्डाणांसाठी शब्दशः नव्हती. परंतु १९ नोव्हेंबर २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोचलेल्या प्रवाशाचेही नुकसान तेवढेच होते आणि म्हणून त्यालाही भरपाई मिळाली पाहिजे. युरोपातून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला, मग ते कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, हा नियम लागू आहे. यातून एक विलक्षण दृश्य निर्माण होते. भारतीय कंपनीचे विमान फ्रँकफर्टहून दिल्लीला कंपनीच्या दोषाने चार तासांहून अधिक उशिरा पोचले तर प्रवासी सहाशे युरोंचा हक्कदार. तेच विमान, तेच कर्मचारी, तोच प्रवासी. पण दिल्लीहून फ्रँकफर्टला जाताना तेवढाच उशीर झाला तर आपल्या महासंचालनालयाच्या नियमाने त्याच्या हाती खाण्याचे पाकीट! एकाच माणसाच्या वेळेचे मोल विमानतळ बदलताच शून्यावर येते, ते कोणत्या नैसर्गिक नियमाने? नियम निसर्गाचा नाही. तो सरकारने कोणाचे ऐकले याचा पुरावा आहे.

संप आणि महापूर एकाच पंक्तीत

मिळणारी तुटपुंजी भरपाईसुद्धा टाळण्यासाठी नियमात एक चोरदरवाजा ठेवलेला आहे. कायद्याच्या भाषेत त्याला 'फोर्स मेज्योर' म्हणतात. सरळ मराठीत अनावर शक्ती. कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील असाधारण परिस्थितीत भरपाई देण्याचे बंधन नाही, असे हे कलम सांगते. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. दाट धुक्यात विमान उडवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये धुक्यामुळे झालेल्या विलंबाची भरपाई नाकारली; मात्र अशा वेळीही प्रवाशांची किमान सोय करण्यातून कंपनीची सुटका नाही, हे त्याच निकालात बजावले.

परंतु या असाधारण परिस्थितीची यादी वाचा: राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, यादवी युद्ध, बंड, दंगल, महापूर, स्फोट, सरकारी आदेश आणि त्यांच्या पंक्तीला संप व कामगार-तंटे! कामगाराने हक्कासाठी काम थांबवणे म्हणजे जणू महापूर. महापुराशी वाटाघाटी करता येत नाहीत, कामगाराशी येतात. महापुराला मालकाने डिवचलेले नसते. संपाच्या मुळाशी बहुधा मालकाचीच करणी असते.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो केबिन कर्मचाऱ्यांनी कामाच्या शर्तींबाबतच्या असंतोषातून एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली आणि आखाती मार्गांवरील उड्डाणे धडाधड रद्द झाली. व्यवस्थापनाने पंचवीस जणांना बडतर्फ केले. परंतु ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, बडतर्फी मागे घेण्याचे ठरले आणि कर्मचारी कामावर परतण्यास राजी झाले. जो तंटा वाटाघाटीच्या मेजावर एका बैठकीत मिटू शकतो तो 'नियंत्रणाबाहेरचा' कसा? तो नियंत्रणातच होता. बडतर्फीचा बडगा उगारण्याआधी ही बैठक घ्यायची नव्हती, एवढेच.

युरोपीय न्यायालय हे काही कामगारवर्गाचे न्यायालय नव्हे. परंतु २३ मार्च २०२१ रोजी त्यानेही स्पष्ट केले की कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगार व कामाच्या शर्तींसाठी पुकारलेला कायदेशीर संप ही असाधारण परिस्थिती नाही. कर्मचाऱ्यांशी मतभेद आणि वाटाघाटी हा धंदा चालवण्याचाच भाग आहे. स्कँडिनेव्हियन कंपनीच्या वैमानिकांच्या २०१९ मधील संपातून हा खटला उभा राहिला होता. या निर्णयाचा खरा अर्थ आपल्या चळवळीने नीट ध्यानात घ्यावा. संपामुळे रखडलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते तेव्हा मालकाला प्रवाशांची ढाल करता येत नाही. प्रवाशाचा राग कामगाराकडे वळवण्याऐवजी बिल मालकाकडे जाते आणि तंटा लवकर मिटवण्यात मालकाचाच फायदा ठरतो. आपल्या नियमातील कलम नेमके याच्या उलट काम करते. ते मालकाला सांगते: संप चिघळू दे, प्रवाशांचे देणे तुला नाही!

विश्रांतीच्या माथी खापर

डिसेंबरच्या अरिष्टातही हीच चाल खेळली गेली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले म्हणून विमाने थांबली, असा प्रचार झाला. हे नियम काय होते? आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तास. रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. थकलेल्या माणसाच्या हाती दोनशे जिवांचे विमान देऊ नये, इतकाच या नियमांचा मथितार्थ. ते काही रातोरात कोसळले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या १ जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबणीवर पडले, वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. म्हणजे तयारीला दोन वर्षांच्या आसपास अवधी होता. देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे ६५ टक्के प्रवासी वाहून नेणाऱ्या कंपनीला या काळात पुरेसे वैमानिक उभे करता आले नाहीत, यावर कोण विश्वास ठेवील?

आणि अरिष्ट ओढवल्यावर सरकारने काय केले? ५ डिसेंबर रोजी कंपनीला रात्रीच्या कामाच्या मर्यादांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा मांडता येणार नाही, ही तरतूद तर सर्वच कंपन्यांसाठी मागे घेतली. ज्याने नियम पाळले नाहीत त्याला सवलत आणि ज्याच्यासाठी नियम केले त्याची झोप रद्द! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. प्रवाशाचा वेळ आणि वैमानिकाची विश्रांती या दोन्हींची चोरी एकाच तिजोरीत जमा झाली. तरीही या दोघांना परस्परांचे शत्रू म्हणून उभे करण्यात आले.

सावकाराला कायदा, प्रवाशाला परिपत्रक

राज्यसंस्था कोणाची आहे हे पाहायचे असेल तर कोणाच्या देण्याला कायद्याचे संरक्षण आहे ते पाहावे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने विमाने उतरवली. दोन्ही वेळा असंख्य प्रवाशांनी आगाऊ भरलेले पैसे अडकले. नादारीच्या प्रक्रियेत हा प्रवासी विनातारण धनको म्हणून रांगेच्या शेपटाशी उभा राहतो आणि त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तिजोरीचा तळ दिसू लागलेला असतो.

विमाने भाडेपट्ट्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांची गोष्ट निराळी. गो फर्स्टची विमाने त्यांना तत्काळ ताब्यात मिळेनात, तेव्हा जगभरच्या वित्त भांडवलाने ओरड केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमाने व इंजिने नादारी प्रक्रियेतील स्थगितीतून वगळली. एप्रिल २०२५ मध्ये तर त्यांच्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी संसदेने स्वतंत्र कायदाच मंजूर केला. सावकाराच्या विमानासाठी दोन वर्षांच्या आत संसदेचा कायदा आणि प्रवाशाच्या वेळेसाठी महासंचालनालयाच्या नियमावलीतील काही परिच्छेद!

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण करून उभारलेली विमान महामंडळे निर्दोष होती असा आमचा दावा नाही. त्यांचीही विमाने रखडत. परंतु त्यांच्या कारभाराचा जाब संसदेत विचारता येत होता. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांच्या हवाली झाली. स्पर्धेने प्रवासी राजा होईल असे सांगितले गेले. आज देशांतर्गत आकाश प्रामुख्याने दोन भांडवली गटांच्या हाती आहे आणि राजा विमानतळाच्या फरशीवर उशाला पिशवी घेऊन झोपला आहे.

'भाडे वाढेल' ही हूल

भरपाईची मागणी पुढे आली की एक ठरीव उत्तर मिळते: भरपाई द्यावी लागली तर भाडे वाढेल आणि गरिबालाच फटका बसेल. गरिबाचा कळवळा मालकांना नेमका अशाच वेळी येतो. डिसेंबरमध्ये भरपाईचा कोणताही नवा नियम आला नव्हता. तरीही इतर कंपन्यांनी अडलेल्या प्रवाशांकडून भाडे कैक पटींनी वसूल केले. शेवटी ६ डिसेंबर रोजी सरकारला अंतरानुसार साडेसात हजार ते अठरा हजार रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. जे भाडे एका आदेशाने रोखता येते, त्याच्या वाढीची भीती दाखवून हक्क नाकारणे हे निव्वळ ढोंग आहे. युरोपात दोन दशके भरपाईचा नियम लागू आहे आणि स्वस्त भाड्याच्या कंपन्या तेथेच फोफावल्या आहेत. भरपाई हा प्रवासावरचा कर नाही. ती उशीर करण्यावरची किंमत आहे. जो वेळेवर पोचवतो त्याला ती द्यावीच लागत नाही.

अर्थात युरोपातही हा हक्क कोणी ताटात वाढून ठेवलेला नाही. जून २०२५ मध्ये तेथील सरकारांच्या मंत्र्यांनी तीन तासांची मर्यादा चार व सहा तासांवर नेण्याची भूमिका घेतली. भांडवल जगात सर्वत्र हिशेब करते आणि दिलेले परत घेण्याची संधी शोधते. म्हणूनच परक्या कायद्याचे गुणगान नव्हे, तर आपला लढा हेच आपले साधन आहे.

काय करावे

नियम बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. महासंचालनालयाच्या नियमात विलंबाची रोख भरपाई नसली तरी सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रवाशाला आपण राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १९९९ चा माँट्रियल करार २००९ पासून भारतात लागू आहे. विलंबामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत भरून देण्याचे दायित्व त्याने कंपनीवर टाकले आहे आणि सर्व वाजवी खबरदारी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भारही कंपनीवरच आहे. येथेही मुदत दोन वर्षांचीच.

म्हणून विलंबाचे कारण कंपनीकडून लेखी मागावे. तिकीट, बोर्डिंग पास आणि कंपनीचे सर्व संदेश जपून ठेवावेत. खाणे, मुक्काम, टॅक्सी यांच्या पावत्या घ्याव्यात. मजुरी कापली गेली असेल तर मालकाचा दाखला मिळवावा. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आयोगाकडे जावे. 'सर्व दावे मिटले' अशा मजकुराखाली व्हाउचरच्या मोहाने सही करू नये. आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांसाठी आपल्या कामगार संघटनांच्या कार्यालयांनी हे अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. एकट्याच्या अर्जाला कंपनी दिलगिरीचे छापील उत्तर पाठवते. एकाच विमानातील शंभर जणांच्या अर्जांना तसे उत्तर पुरत नाही.

परंतु अर्ज हे लढ्याचे एक अंग झाले. मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, तीन तासांहून अधिक विलंबाला ठरावीक रोख भरपाई देणारा कायदा संसदेने करावा. परिपत्रकावर भागवू नये. दोन, ही भरपाई अर्जाची वाट न पाहता तिकिटाचे पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने जमा व्हावी. तीन, कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप असाधारण परिस्थितीच्या यादीतून काढून टाकावा. चार, वैमानिक व केबिन कर्मचारी यांच्या विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट देऊ नये. पाच, कंपनी बुडाल्यास प्रवाशांचे आगाऊ पैसे आणि कामगारांची थकबाकी यांना सावकाराच्या आधी स्थान मिळावे. आणि हेच तत्त्व रेल्वेच्या व एसटीच्या प्रवाशालाही लागू व्हावे.

कामाचा दिवस आठ तासांचा असावा, ही मागणी जेव्हा प्रथम पुढे आली तेव्हाही मालकांनी धंदा बुडेल असेच म्हटले होते. धंदा बुडाला नाही. फक्त मालकाला फुकट मिळणारा वेळ कमी झाला. श्रमणाऱ्याच्या वेळेला मोल आहे, हे तत्त्व कारखान्याच्या दारात मान्य करून घ्यायला पिढ्यान् पिढ्या झगडावे लागले. ते विमानतळाच्या, रेल्वे स्थानकाच्या आणि एसटी थांब्याच्या दारातही मान्य करून घेणे हे आता आपले काम आहे.